हातचे नऊ

निवृत्त होताना कुगाबाईंनी दोन गोष्टी दिल्या:
तळच्या खणाची किल्ली
आणि एक फाइल, 'दिनदर्शिका वाटप, नेमोरि'.

फाइल उघडली तर आलेखवहीच.
इथे आकितातल्या कचेऱ्यांत असंच चालतं:
रकाने चौकोनी करायचे, मुंगीएवढे,
मग हवे तेवढे जोडून
त्यातून अर्ज काढायचा, दाखला काढायचा,
अंत्यविधीचा परवानासुद्धा.

डाव्या कडेला वाडीचं नाव, उभं,
सोळा ओळींवर ताणलेलं.
शेजारी घरं, घरापुढे आकडा: एक. एक. एक.
मोजली. एकेचाळीस.
खाली बेरीज पन्नास.
पडद्यावर बोट टेकवून पुन्हा मोजली.
ताळा पडेना.

खण उघडला.
वर्षावर्षाचे गठ्ठे, सुतळीनं बांधलेले,
न उघडलेल्या दिनदर्शिका:
सर्वांत जुन्या गठ्ठ्यात दोन,
मग दोनच,
मग एकदम पाच (त्या साली नदीकाठची वाडी उठली),
वरच्यात नऊ.

तेवढ्यात वरून परिपत्रक आलं.
जोडलेले सगळे रकाने सोडवावेत,
यंत्राला ते वाचता येत नाहीत.

मी होरिकावांपासून सुरुवात केली.
त्यांचा रकाना दुमजली. वाटायचं, मोठं कुटुंब असेल.
सोडवला,
तर खालून निघाले उजिइए.
पुढ्यात त्यांचा एक.

मी हात मागे घेतला.

कारण मला शिकवलंय ते असं:
दोन रकाने जोडताना यंत्र ताकीद देतं,
वरचं तेवढं राहील, बाकीचं जाईल.
आपण होय म्हणतो, आणि ते जातं.
पुढे कधी सोडवलं
तरी पहिल्यात नाव, खाली पांढरं.

कुगाबाईंनी होय म्हटलंच नव्हतं.
त्यांनी ब्रश घेतला होता.
जोडलेलं रूप दुसरीकडून उचलायचं
आणि इथल्या दोन घरांवरून फिरवायचं.
ताकीद येत नाही.
खालचं नाव दिसेनासं होतं,
पण असतं.
बेरजेला ते कळतं.

काशिवागींच्या खाली सुगेनो.
नारुसावांच्या खाली दोघं, एकाखाली एक.
हिराकुचींच्या खाली
फक्त 'तोमे, एकटी', आणि तिचा एक.

संध्याकाळी फोन केला.
त्या मुळे धुरावर टांगत होत्या, खोकत बोलल्या.
चुकून झालं का हो, मी विचारलं.
'चुकून कसं होईल?
बर्फ पडलं की रिकाम्या घराचं छप्पर कोण उपसतं?
शेजारीच ना.
जो उपसतो, त्याच्या पोटात घातलं ते घर.'
मग म्हणाल्या,
'तोमेबाईंचं छप्पर खचलं का ग?'
मला ठाऊक नव्हतं.

वर पाठवायची यादी मी नव्यानं केली.
एकेचाळीस ओळी, सुट्या, स्वच्छ.
यंत्रानं वाचली. कुठून काही तक्रार नाही.
जुनी फाइल ठेवली आहे.
दिनदर्शिकांची मागणी तिच्यावरूनच जाते,
आणि छापखान्याला अजून कुणी विचारलेलं नाही.

फेब्रुवारीत ओनोदेरा आजोबांना
मुलगी सेंदाईला घेऊन गेली.
दाराशी त्यांचे बूट तसेच, टाचेत बर्फ.
मी शेजारच्या काशिवागींना विचारलं,
छप्पर?
ते म्हणाले, बघू, माझ्या कमरेवर आहे.

रात्री फाइल उघडून बसले.
काशिवागींच्या खाली आधीच सुगेनो आहेत.
तिमजली होईल.
त्यांची कमर आठवली, वय आठवलं,
ब्रश हातात तसाच राहिला.

मग माझं स्वतःचं घर शोधलं, शेवटून तिसरं.
मध्ये एक टेकडी येते आणि पूल.
फावडं आहे माझ्याकडे.